सर्व्हर आजारी नसतो आजी, त्याचा पत्ता चुकलेला असतो

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" हे ऐकलं नाही असा माणूस नाशकात शोधून सापडणार नाही. मागच्या महिन्यात मी पण एका खिडकीपुढे पावणेदोन तास उभा होतो, ऑफिस कुठलं ते जाऊ द्या. माझ्या पुढे एक आजी होत्या, पिंपळगावहून सकाळच्या एसटीने आलेल्या, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून छातीशी धरलेले. साडेअकराला खिडकीतल्या साहेबांनी ती ओळखीची पुठ्ठ्याची पाटी लावली आणि चहाला गेले. आजी मागे वळून मला म्हणाल्या, "दादा, हा सर्व्हर कोण आहे? मागच्या वेळी पण आजारीच होता." मला हसू आलं आणि लाज पण वाटली, कारण माझं पोट ह्याच धंद्यावर आहे, गेली चौदा वर्षं अंबड आणि सातपूरच्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतो. त्या खिडकीमागे नक्की काय बिघडलं होतं ते मला माहीत नाही, पण माझ्या हाताखालून जे "डाऊन" गेलेत त्यातले बरेचसे सर्व्हर चांगले धडधाकट होते, त्यांना फक्त पत्ता चुकीचा दिलेला होता आणि तो देणारा माणूस नव्हता, स्क्रिप्ट होती, ती काय ते पुढे सांगतो. ह्या विषयावर मराठीत कोणी लिहीत नाही म्हणून म्हटलं आपणच लिहावं. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा.

आधी व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय ते, ज्यांना माहितीये त्यांनी पुढे जावं. जुन्या नाशकात भद्रकाली, सराफ बाजाराच्या बाजूला वाडे आहेत ना, तसंच. वाडा एक, मालक एक, आत बिऱ्हाडं सात. प्रत्येक बिऱ्हाडाची चूल वेगळी, कुलूप वेगळं, पण भिंती आणि पाण्याची टाकी वाड्याचीच. खरं लोखंडी मशीन म्हणजे वाडा आणि आतली व्हर्च्युअल मशीन म्हणजे बिऱ्हाडं, आम्ही त्यांना नुसतं व्हीएम म्हणतो. आता पोस्टमन कसा येणार? एक पद्धत अशी की बिऱ्हाडाला थेट गल्लीत उघडणारं दार आणि स्वतःचा घर नंबर, त्याला ब्रिज म्हणतात. दुसरी, सगळ्यांची पत्रं मालकाच्या नावाने येणार आणि मालक आत वाटणार, ते नॅट. तिसरी, बाहेर संबंधच नाही, चौकात बसून आपापसात काय बोलायचं ते बोला, ते होस्ट-ओन्ली. नवीन पोरं इथेच पहिल्यांदा आपटतात. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे व्हीएम चालवायच्या एका सॉफ्टवेअरमध्ये, नॅट लावून तीन व्हीएम उभी करतात आणि तिन्हींना १०.०.२.१५ हाच पत्ता दिसतो की घाबरतात, अरे दोन मशीनला एक आयपी (म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता) कसा! त्यात चूक काहीच नसते, तिथे प्रत्येक व्हीएमला स्वतःचं वेगळं छोटं नॅट मिळतं आणि आतला पत्ता तोच असतो. ज्याला हे माहीत नाही तो आयपी बदलायची स्क्रिप्ट लिहायला बसतो आणि चालू असलेलं बंद पाडतो.

आणि स्क्रिप्ट म्हणजे कमांडची चिठ्ठी, वरून खाली वाचत जायची. एक व्हीएम असेल तर माणूस हाताने आयपी टाकेल, चाळीस असतील तर चिठ्ठीच लागते, ह्याला पत्ता हा, गेटवे हा, डीएनएस हा. गेटवे म्हणजे आपला द्वारका चौक समजा, गावाबाहेर जायचं तर तिथूनच, मग कितीही जाम असो, आणि डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारा. चिठ्ठी लिहिण्यात गैर काही नाही. गोम अशी आहे की चिठ्ठी ज्या घरात बसून लिहिली त्या घरातल्या सगळ्या वस्तू जागच्या जागी आहेत असं ती गृहीत धरते, आणि व्हीएमच्या धंद्यात तर घरंच्या घरं कॉपी होतात.

माझीच फजिती सांगतो. सहा-सात वर्षं जुनी सेंटओएस ६ ची (ही लिनक्सची एक जात, लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिम) एक व्हीएम होती, अंबडच्या एका कारखान्यात, हिशेबाचं सॉफ्टवेअर तिच्यावर. तिची कॉपी काढायची म्हणजे आमच्या भाषेत क्लोन मारायचा आणि क्लोनला नवीन आयपी द्यायचा, एवढंच काम. स्क्रिप्ट माझ्या आधीच्या माणसाने लिहिलेली, त्याला त्याच्या आधीच्याने दिलेली, घराण्यातल्या मसाल्याच्या रेसिपीसारखी चालत आलेली, कोणी आत बघायचं नाही. चालवली. स्क्रीनवर आलं, "आयपी बदलला, झालं." मी निवांत गेलो कॉलेज रोडला मिसळ खायला. पहिला घास तोंडात आणि फोन, नवीन मशीन लागतच नाहीये. परत गेलो, स्क्रिप्ट परत चालवली, परत "झालं". तीनदा चालवली, तिन्ही वेळा "झालं". मग कधी नव्हे ते स्क्रिप्ट उघडून वाचली आणि कपाळाला हात लावला. शेवटची ओळ होती, "झालं" असं छाप. बस. वरच्या कमांड लागू पडल्या की नाही हे बघायचं कुठे लिहिलेलंच नव्हतं, वर आग लागली असती तरी ती खाली "झालं" म्हणालीच असती.

आणि बिघडलं काय होतं? क्लोन मारला की व्हीएमच्या नेटवर्क कार्डाला नवीन मॅक नंबर, म्हणजे कार्डाची स्वतःची ओळख, मिळतो, मिळायलाच पाहिजे, नाहीतर एका गल्लीत दोन जुळे. पण त्या काळातलं लिनक्स जुना मॅक एका फाईलमध्ये लिहून ठेवायचं, की हा नंबर म्हणजे ईटीएच-झिरो नावाचं कार्ड. क्लोन उठला, नवीन मॅक बघितला, म्हणाला हे कोणीतरी वेगळं दिसतंय, ह्याचं नाव ईटीएच-वन. आणि आमची चिठ्ठी लिहिलेली ईटीएच-झिरोच्या नावाने. म्हणजे सिडकोत जो भाडेकरू घर सोडून गेला त्याच्या नावाने पत्र टाकत बसलो होतो मी. लिनक्सने तर स्वच्छ सांगितलं होतं की ईटीएच-झिरो नावाचं डिव्हाईस इथे दिसत नाही, पण ती एरर वर निघून गेली आणि खाली "झालं" उरलं. माणूस शेवटचं वाक्यच वाचतो ना. उपाय पाच मिनिटांचा, ती जुनी नियमांची फाईल काढायची, सेटिंगच्या फाईलमधला जुना मॅक काढायचा, रिबूट. शोधायला गेले साडेचार तास.

पुढे २०१३ पासून ही नावांची भानगड बदलली, सिस्टिमडीने (लिनक्स उठताना बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्राम) नवी पद्धत आणली, कार्ड कुठल्या खाचेत बसलंय त्यावरून नाव. म्हणून आता व्हीएमवेअरमध्ये (हेही व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर) ईएनएस३३ दिसतं आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये ईएनपी०एस३. वाटलं सुटलो. पण व्हीएमवेअरमध्येच कार्डाचा प्रकार बदलून व्हीएमएक्सनेट-३ केलं की ईएनएस३३ चं ईएनएस१६० किंवा १९२ होतं, आणि व्हर्च्युअलबॉक्सवर शिकलेल्या पोराची स्क्रिप्ट व्हीएमवेअरवर आणली की पहिल्याच ओळीला पडते. तेव्हा नाव स्क्रिप्टमध्ये ठोकून बसवू नका, स्क्रिप्टलाच आधी विचारायला लावा की इथे कोण कोण राहतं, आणि एकही सापडला नाही तर बोंब मारून थांब, पुढे जाऊ नको.

मला सगळ्यात जास्त छळलेली गोष्ट मात्र वेगळीच. उबुंटू १८.०४ (लिनक्सचीच आणखी एक जात) आलं तेव्हा आम्ही एक चांगला साचा बनवला, त्याला टेम्प्लेट म्हणतात, त्यातून सहा व्हीएम काढली. मॅक सगळ्यांचे वेगवेगळे, मी स्वतः तपासले, ००:५०:५६ ने सुरू होणारे, व्हीएमवेअरचे बऱ्याचदा तसेच असतात. आयपी डीएचसीपीने, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, आपोआप मिळणार होता. सहाच्या सहांना आयपी एकच! एक लागला की दुसरा पडायचा, पिंग, म्हणजे "आहेस का" अशी हाक, कधी ह्याला जातंय कधी त्याला, लॉगिन केलं तर भलत्याच मशीनच्या आत. आमच्याकडचा एक पोरगा, नवीनच लागला होता, तो म्हणाला, "सर, हे भुताटकीसारखं आहे." दीड दिवस आम्ही राउटरला शिव्या घातल्या, स्विच बदलला, एकाने तर केबल बदलून बघितली (व्हीएमला कसली आली केबल). शेवटी कळलं ते असं की उबुंटूचं नवीन नेटवर्किंग डीएचसीपीकडे आयपी मागताना ओळख म्हणून मॅक दाखवत नाही, ईटीसी फोल्डरमधल्या मशीन-आयडी नावाच्या फाईलवरून बनवलेला नंबर दाखवतं. आणि ती फाईल साच्याबरोबर सहा जागी जशीच्या तशी कॉपी झाली होती. एका रेशनकार्डावर सहा जण धान्य घ्यायला गेले, दुकानदाराने सहा जणांना एकच पोतं दाखवलं, त्याचं काय चुकलं? साचा बनवताना ती फाईल रिकामी करून ठेवायची, म्हणजे प्रत्येक व्हीएम पहिल्यांदा उठताना स्वतःचा नवीन आयडी बनवते. किंवा नेटप्लॅनमध्ये (उबुंटूची नेटवर्कचं सेटिंग ठेवायची पद्धत) एक ओळ लिहायची की ओळख म्हणून मॅकच वापर. एका ओळीचं औषध होतं आणि आम्ही दीड दिवस राउटरच्या मागे लागलो होतो.

नेटप्लॅनचं नाव निघालंच आहे तर तेही सांगतो, उबुंटूत १७.१० पासून हेच आलं. त्याची फाईल याम्ल पद्धतीची, तिथे डावीकडे किती जागा सोडली ह्याला अर्थ असतो आणि टॅब दाबलेला चालत नाही, स्पेसच पाहिजे. डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं! ह्यात किती पोरांच्या रात्री गेल्या असतील देव जाणे. आणि जिथे क्लाउड-इनिट (मशीन उठताना आपोआप सेटिंग करणारा प्रोग्राम) बसवलेलं असतं तिथे तुम्ही फाईल कितीही प्रेमाने दुरुस्त करा, रिबूट केलं की जुनं परत येऊ शकतं, कारण ती फाईल क्लाउड-इनिट स्वतः लिहितं. गंमत म्हणजे त्या फाईलच्या डोक्यावरच इंग्रजीत लिहिलेलं असतं की इथे केलेले बदल टिकणार नाहीत, आपण डोकं सोडून थेट खाली जातो. डीएनएसच्या रिझॉल्व्ह-कॉन्फ फाईलचं पण तेच, नव्या उबुंटूत ती खरी फाईल नसतेच, दुसरीकडे बोट दाखवणारी पाटी असते, आत १२७.०.०.५३ लिहिलेलं, आणि आमची जुनी स्क्रिप्ट रोज रात्री तिच्यावर डीएनएस लिहायची आणि सिस्टिम परत आपलं लिहायची, सासू-सुनेचं चालू.

आता ज्यात माझी झोप उडाली ते. नेटवर्कची स्क्रिप्ट आणि बाकीच्या स्क्रिप्ट ह्यात एक मोठा फरक आहे, नेटवर्कची स्क्रिप्ट ज्या फांदीवर आपण बसलोय तीच तोडत असते. मी घरी पाथर्डी फाट्याला, मशीन सातपूरला, लांबून लॉगिन करून आयपी बदलायची स्क्रिप्ट चालवली. पहिली ओळ जुना पत्ता काढ, दुसरी ओळ नवा टाक. पहिली ओळ लागू झाली त्या क्षणी माझं कनेक्शन तुटलं, स्क्रिप्ट अर्ध्यातच राहिली, दुसरी ओळ चाललीच नाही. मशीनला पत्ता शून्य. रात्री साडेअकराला पावसात बाईकवर सातपूर, गेटवरच्या मामांना उठवलं, "मामा, पाच मिनिटांचं काम आहे", ते म्हणाले, "तुमचं पाच मिनिटांचं काम सकाळपर्यंत चालतं." खरं होतं.

त्या रात्रीनंतर तीन सवयी लावून घेतल्या. एक म्हणजे असं काम नेटवर्कवरून करायचंच नाही, व्हीएमचा कन्सोल, म्हणजे तिचा स्वतःचा स्क्रीन, उघडायचा. कन्सोल वाड्याच्या मालकाकडून येतो, त्याला बिऱ्हाडाचा आयपी लागत नाही. खूप मशीन असतील तर व्हीएमवेअरमध्ये पॉवरसीएलआयमधून व्हीएमवेअर टूल्सच्या मार्फत आत कमांड चालवता येते, केव्हीएमवाल्यांकडे (ते लिनक्समधलं व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर) त्यासाठी क्यूईएमयू गेस्ट एजंट असतो, नेटवर्क मेलेलं असलं तरी ह्या वाटा जिवंत असतात. दुसरी, उबुंटूत नेटप्लॅनचं "अप्लाय" न करता "ट्राय" करायचं, ते नवीन सेटिंग लावतं आणि १२० सेकंद वाट बघतं, तुम्ही एंटर दाबला नाही तर जुनं परत आणतं, ज्याने हे काढलं त्याला माझ्याकडून एक कटिंग. जिथे ट्राय नाही तिथे आधी एक काम लावून ठेवायचं की पाच मिनिटांनी जुनं सेटिंग परत बसव, आणि सगळं नीट लागलं तर ते काम आपणच रद्द करायचं. आणि तिसरी, स्नॅपशॉट, म्हणजे परत जाता येईल असा मशीनचा फोटो, काढल्याशिवाय हात लावायचा नाही, व्हीएम आहे म्हणून तर ही चैन आहे.

बाकीचे किडे पटापट सांगतो. विंडोजच्या नोटपॅडमध्ये स्क्रिप्ट लिहून लिनक्सवर टाकली की "बॅड इंटरप्रिटर" म्हणून अंगावर येते. विंडोज ओळ संपवताना दोन खुणा टाकतं आणि लिनक्स एकच, ती जास्तीची खूण डोळ्याला दिसत नाही, डॉस-टू-युनिक्स चालवलं की जाते. दुसरं म्हणजे हाताने चालवली की चालते आणि क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, रात्री लावली की चालत नाही, हा तर इतका जुना रोग आहे की ह्याला नाव ठेवायला पाहिजे. क्रॉन कमांड शोधायला मोजक्याच जागी बघतं, एसबिन नावाच्या फोल्डरमध्ये बघत नाही, आणि सेंटओएस ७ मध्ये आयपी ही कमांड नेमकी एसबिनमध्ये बसलेली. स्क्रिप्टमध्ये पूर्ण रस्ता लिहा, संपलं. एरर आली ती कुठे गेली? रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य युजरच्या, मेलमध्ये, जो आजपर्यंत कोणी उघडलेला नाही. आणि जुन्या स्क्रिप्टमध्ये आयएफकॉन्फिग ही आयपीची जुनी कमांड असते, ती नव्या मिनिमल लिनक्समध्ये येतच नाही. आणि मशीन उठताना स्क्रिप्ट इतक्या लवकर धावते की नेटवर्क अजून अंथरुणातच असतं, सिस्टिमडीत नेटवर्क-टार्गेट आणि नेटवर्क-ऑनलाईन-टार्गेट ही दोन वेगळी आहेत आणि आपल्याला बहुतेक वेळा दुसरं, म्हणजे नेटवर्क खरंच लागल्यावरचं, पाहिजे असतं.

विंडोजवाल्यांनी हसू नये. तिथे नेटएसएच वापरून आयपी देणाऱ्या जुन्या बॅच फाईल "लोकल एरिया कनेक्शन" ह्या नावावर चालायच्या, विंडोज ८ पासून नाव झालं "इथरनेट", पडल्या सगळ्या. आणि कार्ड बदललं की जुनं कार्ड विंडोजमध्ये भूत होऊन राहतं, दिसत नाही पण आयपी धरून बसतं, मग तोच आयपी नव्या कार्डाला दिला की विंडोज म्हणतं हा पत्ता दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे. कुठे आहे दुसरं कार्ड? डिव्हाईस मॅनेजरमध्ये "हिडन डिव्हाइसेस" दाखवायला सांगा, राखाडी रंगात बसलेलं असतं, काढून टाका. माणूस गेला तरी सातबाऱ्यावर नाव राहतं तसा प्रकार.

मग शोधायचं कसं, तर खालून वर जायचं आणि जाताना काही बदलायचं नाही, नुसतं बघायचं. आमच्याकडे हे "नुसतं बघणं" कोणालाच जमत नाही, प्रॉब्लेम आला की हात शिवशिवतात, इथे आयपी बदल, तिथे फायरवॉल बंद कर, रिबूट मार, आणि अर्ध्या तासाने मूळचा प्रॉब्लेम कोणता आणि आपण केलेला कोणता हेच कळत नाही. मी पोरांना सांगतो, आधी व्हीएमच्या सेटिंगमध्ये नेटवर्क कार्डापुढे "कनेक्टेड"ची खूण आहे का बघ, हसू नका, किती वेळा तीच नसते. मग ब्रिज आहे का नॅट. मग आत जाऊन कार्डाचं नाव काय, मॅक काय, आणि तो बाहेरच्या सेटिंगमधल्याशी जुळतो का. मग आयपी कोणता, १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समज की डीएचसीपीने ह्याला दाराबाहेर उभं केलंय आणि ह्याने स्वतःच काहीतरी पत्ता घेतलाय. मग मास्क, म्हणजे गल्ली केवढी ते, /२४ म्हणजे गल्लीत २५६ नंबर, त्यातले वापरायला २५४, गेटवे त्याच गल्लीतला पाहिजे, गल्लीबाहेरचा द्वारका चौक देऊन उपयोग नाही. मग गेटवेला पिंग, मग बाहेरच्या एखाद्या आयपीला, मग नावाने. आयपीने लागतं आणि नावाने लागत नाही म्हणजे डीएनएस, बाकी कशाला हात लावू नको. पिंग लागत नाही म्हणजे मशीन मेलं असंही नाही हां, विंडोजची फायरवॉल बऱ्याचदा पिंगला उत्तरच देत नाही. आणि नवीन आयपी देण्याआधी आर्पिंगने गल्लीत हाक मारून बघ की हा नंबर कोणाचा आहे का. कधी कधी सगळं बरोबर असून पण लागत नाही आणि पाच-दहा मिनिटांनी आपोआप लागतं, ते आपण केलेल्या रिबूटमुळे नाही, गेटवेने जुना मॅक लक्षात ठेवलेला असतो तो विसरायला वेळ लागतो. हे सगळं बघून झाल्यावर मग स्क्रिप्ट उघड. बॅशमध्ये (लिनक्सवर स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) एक्स हा पर्याय लावून चालवली तर प्रत्येक ओळ चालताना दिसते, कुठली ओळ रिकाम्या नावावर चाललीये ते तिथल्या तिथे कळतं.

आता साहेब, हे पत्र तुम्हाला का. तुमच्या पेपरात दर जूनमध्ये क्लासच्या पानभर जाहिराती असतात, नेटवर्किंग शिका, क्लाउड शिका, नोकरीची हमी. माझ्याकडे इंटरव्ह्यूला येणारी पोरं त्याच क्लासमधून येतात, चांगली असतात, सिन्नरहून निफाडहून रोज अप-डाऊन करून शिकलेली, आईबापाने कांदा विकून फी भरलेली. सर्टिफिकेट तीन-तीन. मी त्यांना एक व्हीएम देतो आणि चालू करून दाखवा म्हणत नाही, मीच आधी ती बिघडवून ठेवलेली असते, मशीन-आयडी कॉपी केलेली किंवा याम्लमध्ये एक टॅब टाकलेला, आणि म्हणतो काय बिघडलंय ते फक्त सांगा, दुरुस्त करू नका. बहुतेक पोरं पहिल्या दोन मिनिटांत रिबूट करतात. त्यांचा दोष नाही, त्यांना आयुष्यात कोणी बिघडलेलं मशीन दिलेलंच नाही, सरांच्या लॅपटॉपवर सगळं पहिल्या फटक्यात चालतं आणि तेच वहीत उतरवून घेतलेलं. सायकलच्या दुकानात पोरगं कामाला ठेवलं तर त्याला आधी पंक्चरवालीच देतात ना, धावणारी सायकल देऊन तो काय शिकणार.

ह्याला खर्च पण नाही. व्हर्च्युअलबॉक्स फुकट, उबुंटू फुकट, ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर दोन छोटी व्हीएम आरामात चालतात. एका पोराने बिघडवायचं, दुसऱ्याने शोधायचं, संध्याकाळी गंगापूर रोडला चहावर भांडायचं. शहरात एवढी इंजिनीअरिंग कॉलेजं आहेत, मुक्त विद्यापीठ आपल्या गावात आहे, प्रॅक्टिकलच्या वीस मार्कांपैकी दहा ह्याला ठेवले तर कुठे बिघडतं? तुमच्या पुरवणीत करिअरचं पान असतं, त्यात महिन्याला एक बिघाड छापा, उत्तर पुढच्या अंकात, शब्दकोडं देता तसं. बिघाड मी पुरवतो, फुकट, माझ्याकडे साठा भरपूर आहे.

आणि घाई अशासाठी की २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय. २०१५ च्या कुंभात होतं त्यापेक्षा आता प्रत्येक काम कॉम्प्युटरवर आहे, लॉजच्या बुकिंगपासून पार्किंगपर्यंत, आणि त्यातलं बरंचसं कुठल्यातरी वाड्यातल्या बिऱ्हाडातच चालणार आहे. पर्वणीच्या पहाटे रामकुंडावर लाखो माणसं असताना गर्दीमुळे जादा मशीन लागतील, कोणीतरी घाईत क्लोन मारेल, आणि क्लोनला पत्ता देणारी स्क्रिप्ट कोणीतरी सेंटओएसच्या जमान्यात लिहिलेली असेल. सेंटओएस ७ चे अपडेट ३० जून २०२४ ला बंद झाले, तरी ती मशीन आणि त्या स्क्रिप्ट गावात किती ठिकाणी चालू आहेत ते आम्हा धंद्यातल्या लोकांना चांगलं माहितीये. रेड हॅटच्या (सेंटओएस ज्याच्यावरून बनायचं ते लिनक्स) ९ पासून सेटिंग ठेवायची पद्धतच बदललीये, आता नेटवर्कमॅनेजरच्या कीफाईल, त्या फाईलची परवानगी सैल असली तर तो वाचतच नाही. तेव्हा ज्यांच्याकडे अशा स्क्रिप्ट आहेत त्यांनी ह्या दिवाळीच्या आधी एक दिवस काढून एक क्लोन मारून ती त्याच्यावर चालवून बघावी, खऱ्या मशीनवर नाही.

तुमच्या बातमीदारांना पण एक विनंती, "सर्व्हर डाऊन, नागरिक ताटकळले" अशी बातमी करताना एकदा विचारत जा की डाऊन म्हणजे नक्की काय, वीज गेली, डिस्क भरली, का पत्ता चुकला. उत्तर मिळणार नाही कदाचित, पण खिडकीमागचा माणूस निदान आत फोन करून विचारेल.

आजींचं काम त्या दिवशी झालं नाही. दुपारच्या गाडीने परत गेल्या, जाताना मला म्हणाल्या, "तुम्हाला एवढं कळतं तर आत जाऊन सांगा ना त्यांना." मी गेलो नाही, आत कोण घेणार.

आपला नेहमीचा वाचक,
पाथर्डी फाटा, नाशिक

ता.क. ती "झालं" वाली स्क्रिप्ट अजून आमच्याकडे चालू आहे, कारखान्याने मशीन बदललं नाही. शेवटची ओळ मात्र मी बदलली. आता ती नवा आयपी लावल्यावर गेटवेला तीन वेळा पिंग करते, उत्तर आलं तर काहीच बोलत नाही, नाही आलं तर जुनं सेटिंग परत लावून मला मेसेज टाकते. गेल्या मंगळवारी रात्री दोनला टाकला होता.